मारिओची टोपी आणि अब्बांचा ग्राफ

परवा नववीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. शेवटच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, वारा कापत काहीतरी खाली येतंय असा. मुलांना वाटलं, टीचरला काय कळणार! मी फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारलं, "कुठं उतरतोयस?" वर्ग एकदम गप्प. जवळ जाऊन मोबाईल हातात घेतला तर बीजीएमआय. गडी पॅराशूटनं पोचिंकीवर उतरत होता. म्हटलं, "पोचिंकीत? तोही एकटाच? दोन मिनिटांत मरशील." मोबाईल नियमाप्रमाणे कपाटात गेला, पालकांना निरोपही गेला. पण मधल्या सुट्टीत दोघं-तिघं स्टाफरूमच्या दारात घुटमळत उभे. "टीचर, तुमे बी खेलते क्या?"

हौ, खेलते. वय ४४, दोन मुलांची आई, बीएड झालेली, उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई रविवारी दुपारी खेळते. कार्टूनही बघते. या सदरात आजवर निकाल, वह्या, शुद्धलेखन असलंच लिहीत आले, म्हणून या महिन्यात जरा माझा शौक. मी काही जाणकार नाही. ही फक्त एका चाहतीची मतं, कुणाला पटतील, कुणाला नाही.

आमच्या घरी पहिला टीव्ही गेम आला तो १९९३ की ९४ साली. मुंबईहून खालू आले होते, त्यांनी आणला. पिवळी कॅसेट, वर मोठ्या आकड्यात कितीतरी हजार गेम लिहिलेले, आत खरे गेम मोजून आठ-दहा. मी बारा-तेरा वर्षांची, भाऊ सहा वर्षांनी लहान. मारिओ आणि काँट्रा एवढेच आमच्या कामाचे. काँट्रामध्ये तीस जीव मिळवायची किल्ली, वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी ए, ही गल्लीतल्या प्रत्येक पोराला पाढ्यांच्या आधी पाठ. ती गल्लीत कुणी आणली ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. धबधब्याच्या लेव्हलला आमचं हमखास भांडण. तिथं पडदा वर सरकतो, आणि जो मागे राहतो तो पडद्याखाली जाऊन मरतो. मी भराभर चढायची, भाऊ खाली मरायचा, मग रडत अम्मीकडे. आजही तो म्हणतो, "आपा, तू मला धबधब्यात किती वेळा मारलंस त्याचा हिशेब बाकी आहे."

अब्बा जकार्ड फिटर. अशोक चौकाकडच्या एका कारखान्यात चादरींच्या मागांवर त्यांनी अख्खी उमर काढली. सोलापुरी चादर सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यावरचं फूल कुठून येतं ते फारसं कुणी विचारत नाही. आधी कागदावर बारीक चौकटींचा ग्राफ. एकेक चौकट रंगवून फूल काढायचं. मग त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. पट्ट्या एकमेकींना ओवून माग चालू केला की जिथं भोक तिथं दोरा उचलला जातो, जिथं नाही तिथं राहतो. ही युक्ती जकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाची, १८०४ सालची. त्याचं नाव आमच्या पूर्व भागात रोज हजार वेळा घेतलं जातं, तो माणूस होता हे बहुतेकांना माहीत नसतं.

एकदा दुपारी अब्बा लवकर घरी आले. आम्ही पकडले गेलो. ओरडतील असं वाटलं, पण ते पडद्याजवळ गेले, डोळे बारीक करून मारिओकडे बघितलं आणि म्हणाले, "ये तो ग्राफ है." बोटानं मोजलंही, टोपीला किती चौकटी, मिशीला किती. मला तेव्हा एवढंच कळलं की आज मार चुकला. पुढं वाचनात आलं की तो लहानगा मारिओ सोळा बाय सोळा चौकटींच्या आतच बसवलेला आहे, आणि रंग फक्त तीन. एवढ्याशा जागेत केस नीट दिसेनात, म्हणून बनवणाऱ्या मियामोतो साहेबांनी टोपी घातली. नाक आणि तोंड वेगळं कळेना, म्हणून मध्ये मिशी. अजून एक गंमत: त्या गेममधले ढग आणि जमिनीवरची झुडपं यांचा आकार एकच आहे, रंग तेवढा वेगळा. अब्बांना हे सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "डिझाईन एकच, दोरा बदलायचा. आम्ही रोज तेच करत होतो."

म्हणून माझं पहिलं मत: जुने गेम आजच्या गेमपेक्षा सुंदर होते असं मी म्हणणार नाही, पण जास्त काटकसरी होते. काटकसर मला आवडते. आजच्या गेममध्ये गवताचं पातं न् पातं हलतं, आणि तरी त्या हिरव्या झुडपाएवढं एकही लक्षात राहत नाही.

संगीताचंही तसंच. मारिओची चाल आठवत नाही असा माझ्या वयाचा माणूस विरळा. ती बांधणारे कोजी कोंदो. त्यांच्या हाताशी जे यंत्र होतं त्यातून एका वेळी पाचच आवाज निघायचे, त्यातही सूर लावण्याजोगे तीन. तेवढ्यात त्यांनी असं काही बसवलं की २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांमध्ये ते घेतलं. गेमचं संगीत त्या यादीत जाण्याची ती पहिली वेळ. त्या संगीतातली मला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे वेळ संपत आली की चाल पळू लागते. घड्याळाकडे बघायची गरजच नाही, कानच सांगतो. अब्बाही घरात बसून शेजारच्या शेडमधल्या मागाचा आवाज ऐकून सांगायचे, "दोरा टुटा." मागांच्या खटखटीनं त्यांचा एक कान गेला, पण दोरा तुटलेला त्यांना दुसऱ्या कानानं कळायचा.

आता संगीताचं नाव निघालं म्हणजे आपल्या घरांतला तो जुना प्रश्न आलाच. आमच्याकडे एक चाचा आहेत, हाफिज. त्यांच्या मते वाद्याचा आवाज घरात नकोच. दुसरीकडे मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत मोठमोठे गवई येऊन गातात, आणि त्याच गावात सतार बनवणाऱ्या मुस्लिम कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची घराणी आहेत. त्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. मी मुफ्ती नाही, निवाडा करणार नाही. आमच्या घरात तोडगा एवढाच की चाचा आले की हेडफोन.

पण गेमच्या संगीतातले दोन किस्से मी चाचांना मुद्दाम सांगितले. पहिला 'झेल्डा'चा. १९९८ च्या त्या गेममध्ये आगीच्या मंदिराची एक जागा आहे. तिच्या संगीतात नमाजी पठणासारखे आवाज होते. संगीतकार पुन्हा कोंदोच. बाजारात मिळणाऱ्या तयार आवाजांच्या संग्रहातून ते घेतलेले होते. ते कशाचे आवाज आहेत हे लक्षात आल्यावर कंपनीनं नंतरच्या कॅसेटींतून ते काढून दुसरं संगीत घातलं. दुसरा किस्सा जास्त गुंतागुंतीचा. २००८ च्या ऑक्टोबरात 'लिटल बिग प्लॅनेट' हा गेम दुकानात येण्याच्या तोंडावर सोनीनं जगभरातून परत मागवला. त्यातल्या एका गाण्यात कुरआनातले शब्द होते, आणि ते एका मुस्लिम खेळाडूच्या कानाला लागले. गंमत म्हणजे गाणं कुणा परक्यानं थट्टेनं केलेलं नव्हतं. ते मालीच्या तुमानी दियाबाते यांचं. स्वतः मुस्लिम, एकवीस तारांचा कोरा वाजवणाऱ्या खानदानी घराण्यातले. त्यांच्या मुलखात अशा गाण्यांत असे शब्द येणं म्हणजे अदबच.

मला वाटलं चाचा म्हणतील, बघ, म्हणून संगीत नको. ते थोडा वेळ तसबीह फिरवत राहिले. मग म्हणाले, "गानेवाले की नियत पे मैं कुछ नहीं बोलता. पर गेम में आदमी क्या करता? मरता, चिडता, कंट्रोल फेकता. उस वक्त पीछे वो लफ्ज नहीं चलना." ऐकणाऱ्याच्या अदबीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. गाण्यात शोभतं ते उड्या मारायच्या खेळात शोभेलच असं नाही. या एका बाबतीत चाचांचं आणि माझं एकमत झालं, आणि त्या दिवशी चहा जरा गोड लागला.

कार्टूनकडे वळते. माझ्या पिढीचं कार्टून म्हणजे १९९३ च्या रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारं 'जंगल बुक'. ते जपानी होतं हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळलं. जंगल आपलं, मोगली आपला, शेरखानचा आवाज तर नाना पाटेकरांचा! रस्त्यावर त्या वेळी चिटपाखरू नसायचं. आता आमच्या घरोघरी डोरेमॉन. २०१३ मध्ये बांगलादेशनं ते हिंदी डोरेमॉन बंद केलं, कारण तिथली मुलं बंगालीऐवजी हिंदी बोलायला लागली होती. माझ्या वर्गातली मुलं घरी दखनी बोलतात, पुस्तकात उर्दू वाचतात, मराठीच्या तासाला मराठी लिहितात आणि भांडतात मात्र डोरेमॉनच्या हिंदीत. "नोबिता, तुम कभी नहीं सुधरोगे" या थाटात. मला त्याचं वाईट वाटत नाही. नोबिता रडतो, यंत्र मागतो, यंत्र अंगावर उलटतं, हे दर भागात तेच. पोरं त्याला हसतात आणि संध्याकाळी गृहपाठासाठी चॅट जीपीटी मागतात. यावर वेगळं लिहायला हवं.

'बुरका अॅव्हेंजर' मात्र मी वर्गात प्रोजेक्टरवर दाखवलं. पाकिस्तानातली उर्दू मालिका, २०१३ ची, गायक हारूननं काढलेली. पुढं तिला अमेरिकेतलं पीबॉडी पारितोषिकही मिळालं. नायिका जिया शाळेत शिक्षिका आहे. गावगुंड मुलींची शाळा बंद करायला निघतात तेव्हा ती काळा बुरखा चढवते आणि लढते. तिची हत्यारं म्हणजे पुस्तकं आणि लेखण्या. मला वाटलं, मुली खूश होतील. झाल्याही. पण चर्चा वेगळ्याच वळणावर गेली. जिया एरवी शाळेत बुरखा घालत नाही, फक्त लढताना ओळख लपवायला घालते. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती रोज नई जिंदगीहून बुरख्यात येते. म्हणाली, "टीचर, ती लढायच्या वेळेपुरती घालते. मी घरातून निघाले की घालते. मग मी काय दिवसभर लढते?" वर्ग हसला. ती मात्र हसली नव्हती. रोज सकाळी रिक्षा स्टँडवरून येताना तिला काय ऐकावं लागतं ते तिनं नंतर मला एकटीला सांगितलं. ते इथं लिहायचं नाही असं मी तिला कबूल केलंय.

पुण्यातही आता गेम बनतात, हे आपल्या मुलांना सांगावं असं मला वाटतं. 'राजी' नावाचा गेम २०२० मध्ये आला, तो पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा. एक मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. कथा हिंदू पुराणांवरची, राजस्थानी महाल, भिंतींवरची चित्रं बघत राहावीत अशी. मला भावलं ते बहीण-भावाचं. 'इंडस' नावाचा मारधाडीचा गेमही पुण्याच्याच सुपरगेमिंगचा, २०२४ चा. चित्रकलेत हात असलेल्या मुला-मुलींना त्यात काम आहे. चित्र काढणं योग्य की अयोग्य हा वाद आपल्याकडे आहेच, पण झाडं, इमारती, नक्षी, उजेड काढणारेही तिथं लागतात. आमच्या जकार्डच्या फुलांवर कुणी कधी फतवा काढलेला मी ऐकला नाही.

आणि पैसे लावून खेळायच्या त्या रमी-बिमीला मी खेळच मानत नाही. तो जुगार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं त्यावर बंदीचा कायदा केला, बरं झालं. पुढं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

'काउंटर-स्ट्राइक' ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत असेल. दोन संघ असतात. एका संघाचं नाव टेररिस्ट, दुसऱ्याचं काउंटर-टेररिस्ट. पहिल्यांनी बॉम्ब लावायचा, दुसऱ्यांनी तो निकामी करायचा. सगळ्यात गाजलेला नकाशा म्हणजे 'डस्ट': वाळूच्या रंगाच्या भिंती, कमानी, गल्ल्या, कुठल्याही अरबी शहरासारख्या. नवी पेठेतल्या सायबर कॅफेत माझा भाऊ आणि त्याचे मित्र तासाला पंधरा रुपये देऊन तो खेळायचे. सगळ्या जातीधर्माची पोरं. "मी टेररिस्ट घेतो" असं ओरडण्यात कुणालाच काही वाटायचं नाही. लपंडावात राज्य घेतल्यासारखं.

२००६ सालची गोष्ट. मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांना महिनाभर झाला असेल. अब्बा आणि भाऊ बार्शीच्या लग्नाहून एसटीनं परत येत होते. अब्बांची दाढी, डोक्यावर टोपी. भावाला कॅफेतून मित्राचा फोन आला, कालची मॅच कशी हरलो म्हणून. एसटीच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून हा मोठ्यानं बोलायला लागला, "अरे, मी टेररिस्टमध्ये होतो ना, बॉम्ब मीच लावला होता, बी साइटला..."

भाऊ सांगतो, आधी मागच्या सीटवरचं बोलणं थांबलं. मग पुढचं. कंडक्टर वळून बघायला लागला. एक गृहस्थ उठून उभे राहिले आणि म्हणाले, गाडी थांबवा. अब्बांना आधी काही कळेचना, एक कान तर गेलेलाच. कळलं तेव्हा त्यांनी सगळ्या गाडीसमोर भावाच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिली आणि शेवटची. मग हात जोडून सगळ्यांना सांगत राहिले, बच्चा है, खेल की बात है, कॉम्प्युटर का खेल है. वैराग येईपर्यंत सांगत होते. त्या गृहस्थांनी पिशवी उघडून दाखवायला लावली. लग्नातली बुंदी होती, दोन डबे.

पुढं काही झालं नाही. पोलीस नाही, तक्रार नाही. गाडी सोलापूरला आली, दोघं उतरले, घरी आले. अब्बा काही बोलले नाहीत, जेवलेही नाहीत. भाऊ त्यानंतर कॅफेत गेला नाही, आणि का ते त्यानं मित्रांना सांगितलं नाही. त्या खेळाच्या मॅचमध्ये अर्धा डाव झाला की दोन्ही संघ बाजू बदलतात. आधी टेररिस्ट असलेला नंतर पोलीस होतो. भाऊ हे मला पुष्कळ वर्षांनी म्हणाला, "आपा, एसटीत बाजू बदलत नाही."

बंदुकीच्या गेममध्ये समोरचा अरबी बोलतो, त्याच्या डोक्याला रुमाल असतो, हे इतक्या वेळा आलंय की आपल्या पोरांना ते दिसतही नाही. निष्काळजीपणा तर विचारू नका. 'कॉल ऑफ ड्यूटी'मध्ये एका नकाशात न्हाणीघराच्या भिंतीवर हदीसची ओळ चौकटीत टांगलेली निघाली. २०१२ मध्ये ओरड झाल्यावर तो नकाशा मागे घेतला. २०२१ मध्ये त्याच मालिकेच्या दुसऱ्या गेममध्ये कुरआनाची पानं जमिनीवर पडलेली निघाली, मग अरबीत माफीनामा आला. मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. सजावट म्हणून कुठलीतरी सुंदर अक्षरं उचलली असतील. वाचता येणारा एकही माणूस त्या खोलीत नव्हता, दुखणं तेच आहे.

म्हणून 'अॅसॅसिन्स क्रीड मिराज' बघितला तेव्हा मला भावाच्या पुण्याच्या घरात रडू आलं. तो आता आयटीत आहे, त्याच्याकडे प्लेस्टेशन आहे. दिवाळीच्या सुट्टीत हुतात्मा एक्स्प्रेसनं आम्ही गेलो होतो. २०२३ चा गेम, नवव्या शतकातलं बगदाद. गोल तटबंदीचं शहर, कालवे, बाजार, कागदाची दुकानं, बैतुल हिकमा. हवं तर सगळी पात्रं अरबीत बोलतात, आणि या वेळी अरबी बोलणारा म्हणजे फळवाला, हकीम, लेखक, चोर, सगळेच. जागोजागी थांबलं की त्या काळाची खरी माहिती वाचायला मिळते. १२५८ मध्ये मंगोलांनी जे शहर उद्ध्वस्त केलं, तिथं माझा मुलगा छतांवरून पळत होता. तक्रारही आहे. नायक शेवटी मारेकरीच! बगदादची सैर करायची तर वाटेत गळे कापावे लागतात. "मामू, नुसतं फिरता येत नाही का?" असं मी विचारायच्या आधी माझ्या धाकट्या मुलीनं विचारलं.

त्या बगदादमध्ये बनू मूसा नावाचे तीन भाऊ खरोखर होऊन गेले. युक्तीच्या यंत्रांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, 'किताब अल-हियल'. त्यांनी आपोआप वाजणारी बासरीही बनवली होती. फिरत्या नळकांड्यावर खुंट्या बसवलेल्या, खुंटीप्रमाणे बासरीची भोकं उघडायची आणि मिटायची. खुंट्या बदलल्या की चाल बदलायची. घरी आल्यावर अब्बांना हे सांगितलं. ७५ वर्षांचे आहेत, सहसा कशानं हलत नाहीत. पण त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मतलब पत्ते का काम. हजार साल पहले." आणि कपाटावरून जुनी गुंडाळी काढली. त्यात त्यांच्या हातचे ग्राफ होते, मोराचे, बुट्टीचे, काठांचे. माझा मुलगा मोबाईलवर चौकटी रंगवायचं एक ॲप वापरतो. दोघं रात्री उशिरापर्यंत बसले होते.

त्याच आठवड्यात मला ते कळलं. बीजीएमआय १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीनच तास खेळू देतं आणि पालकांचा नंबर मागतं, म्हणून मुलाचं खातं माझ्या नंबरवर आहे. २०२० मध्ये पबजी बंद झाला, २०२१ मध्ये नाव बदलून आला, पुढच्या वर्षी पुन्हा गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला, माहेरी-सासरी करणाऱ्या सुनेसारखा. या सगळ्यात मी कधी मुलाचं नाव तपासलं नव्हतं. म्हणजे गेममधलं नाव. त्या दिवशी बघितलं: 'रोहन एमएच१३'. गाडीचा नंबर सोलापूरचा, नाव दुसऱ्याचं.

विचारलं तर आधी म्हणाला, असंच. मग म्हणाला, मित्राचं आहे. मग खरं बोलला. आधी स्वतःचंच नाव होतं, जे अब्बांनी ठेवलंय ते. चौघांच्या संघात अनोळखी कुणी आलं की नाव वाचून सुरू व्हायचं. पाकिस्तानात जा, तुझा बाप अमुक, बॉम्ब कुठं ठेवलाय. माइकवर मोठी माणसंही असायची. एकदा तर त्याला आपल्याच संघातल्यांनी मरायला सोडून दिलं. "रोहन झाल्यापासून कोणी काही बोलत नाही, अम्मी. मस्त खेळतात. भाई म्हणतात." चौदा वर्षांचा आहे. हे सांगताना त्याचा आवाज अगदी साधा होता, चप्पल बदलली म्हणून सांगावं तसा.

मी काय करायला हवं होतं? माझ्या मैत्रिणी म्हणतात, गेमच बंद कर. माझे यजमान म्हणाले, "खेळच आहे, नाव काय नि गाव काय." भाऊ फोनवर बराच वेळ गप्प होता. मी दुसऱ्या दिवशी स्वतःचं खातं उघडलं, माझ्या पूर्ण नावानं, आणि रविवारी मुलाच्या संघात उतरले. चौथा कुणी नागपूरचा होता. माझं नाव वाचून त्यानं तोंड उघडलं. मी माइक चालू करून म्हटलं, "बाळ, मी शिक्षिका आहे. तुमचं पूर्ण नाव, शाळा आणि इयत्ता सांगा बरं." तो जो गेला तो गेलाच. मुलगा पोट धरून हसत होता. पण मी प्रत्येक डावात नसणार आहे हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

अब्बांना सांगायचं नव्हतं. पण गेल्या रविवारी आम्ही खेळत असताना ते मागे येऊन उभे राहिले, चष्मा सरकवून पडदा वाचायला लागले. माझं नाव वाचलं, भावाचं वाचलं. मग विचारलं, "ये रोहन कौन?" मुलगा काही बोलला नाही. अब्बांनी माझ्याकडे बघितलं, भावाचा आवाज स्पीकरवर होता तोही थांबला. अब्बा कॉटवर बसले आणि त्यांनी नातवाला त्या एसटीची गोष्ट सांगितली. स्वतःच्या तोंडानं, पहिल्यांदाच. बुंदीच्या डब्यांपर्यंत सगळी. थोबाडीत मारल्याचं सांगताना त्यांचा हात नकळत उचलला गेला. पलीकडून पुण्याहून भाऊ म्हणाला, "अब्बा, रहने दो."

नाव बदलायला त्या गेममध्ये रिनेम कार्ड लागतं. मुलाकडे एक आहे, मी बघितलंय. त्यानं ते अजून वापरलेलं नाही, आणि मीही वापर म्हटलेलं नाही. रविवारी आम्ही तिघं एकत्र उडी मारतो. पोचिंकीत नाही, तिथं फार गर्दी असते.